चष्मा उतरल्यानंतर



हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी साऱ्या देशाला ठाऊक आहे. येथे घडलेले पैंजण कुठल्या कुठे जाऊन वाजतात. परंतु ज्या डोळ्यांच्या बळावर ते घडतात, त्या डोळ्यांविषयी आपण फारसे बोलत नाही. तार वळवून कडी करायची, कडीत कडी गुंतवायची, सांध्यावर टाकणखार आणि डाखाचा कण ठेवायचा, ज्योत दाखवायची, आणि डाख पाघळला की चांदी वितळण्याच्या आत ती काढून घ्यायची. हे सारे काम वीतभर अंतरावरचे. हात कितीही सराईत असला, तरी नजर चुकली की सांधा फसला.

अशा गावातील तरुण मुले-मुली अलीकडे लेसर शस्त्रक्रियेने चष्मा उतरवून घेण्याचा विचार करू लागली आहेत. मी वैद्यकाचा माणूस नव्हे. महाविद्यालयात शिकवणारा आहे. पण हे प्रश्न घेऊन विद्यार्थी माझ्याकडेही येतात. म्हणून आज त्याविषयी चार गोष्टी सांगणार आहे.

प्रथम एक साधी गंमत पाहा. चांदीकामाच्या खोलीत पन्नाशीचे दोन कारागीर शेजारी शेजारी बसलेले असतात. एक जण काम हातात घेताना चष्मा डोळ्यांवर चढवतो. दुसरा काम हातात घेताना तोच चष्मा कपाळावर सरकवतो. दोघांचेही बरोबरच आहे. पहिल्याला लांबचे उत्तम दिसते, पण वयोमानाने जवळचे दिसेनासे झाले आहे. दुसऱ्याला तरुणपणापासून मायनस नंबर. त्याला एस.टी.ची पाटी वाचता येत नाही, पण हातातली बारीक कडी चष्म्यावाचून लख्ख दिसते.

असे का होते? डोळ्याचे बुबुळ आणि आतील भिंग मिळून प्रकाशाचे किरण मागच्या पडद्यावर एकत्र आणतात. साधारण डोळा पुढून मागे सुमारे 24 मिलिमीटर लांब असतो. तो एखादा मिलिमीटर जरी अधिक लांब झाला, तरी लांबून आलेले किरण पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात आणि दूरचे दृश्य पुसट होते. शाळेच्या पुस्तकात यालाच निकटदृष्टिता म्हणतात.

शिक्षकांना वर्गात सांगता येईल असे एक सोपे गणित यात आहे. शंभराला नंबराने भागा. जे उत्तर येईल, तितक्या सेंटिमीटरवर त्या डोळ्याला विनाचष्मा, विनासायास स्पष्ट दिसते. नंबर मायनस दोन असेल तर 50 सेंटिमीटर. मायनस पाच असेल तर 20 सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत. आणि चांदीचा कारागीर दागिना कुठे धरतो? वीतभर अंतरावरच. लांबचे पाहताना ज्याला आपण दोष म्हणतो, तोच या धंद्यात आयते भिंग होऊन बसतो.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. आपल्या आजोबा-आजींना डोळ्यांचे ऑपरेशन म्हटले की मोतीबिंदूच आठवे. डोळे बांधून दिवसचे दिवस उताणे पडून राहायचे, मान हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि पुढे जन्मभर जाड काचेचा चष्मा. लंडनचे डॉक्टर हॅरोल्ड रिडली यांनी 1949 साली माणसाच्या डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले, आणि पुढील काही दशकांत तो जाड चष्मा हळूहळू मागे पडला. लेसरच्या वाटेवर तर आपल्याकडचाच एक माणूस उभा आहे. मद्रासमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत. 1981 साली सणाच्या जेवणातून उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर एक्सायमर नावाच्या लेसरचा झोत टाकला. शेजारचा भाग न करपता नेमका हवा तेवढाच थर उडाला. डोळ्यासारख्या नाजूक जागी हीच गोष्ट हवी होती. त्यातूनच पुढे आजची शस्त्रक्रिया आकाराला आली.

हिच्यात करतात काय? बुबुळाचा पारदर्शक पडदा मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड असतो. त्याचा वरचा पातळ पापुद्रा उचलायचा, खालचा भाग लेसरने मोजून थोडा सपाट करायचा, आणि पापुद्रा पुन्हा जागच्या जागी बसवायचा. किरण आता पडद्यावर नेमके येतात. लक्षात घ्या, लांबलेला डोळा आखूड होत नाही. फक्त दाराची काच बदलते, खोली तीच राहते.

हुपरीहून कॉलेजला येणारा माझा एक विद्यार्थी होता. नंबर मायनस पाच. घरचा धंदा चांदीचा. वडील वर सांगितलेल्या दुसऱ्या जातकुळीतले, चष्मा कपाळावर सरकवणारे. मुलगा चष्म्याला कंटाळलेला. ज्योतीपुढे बसले की घाम, घामाने चष्मा नाकावरून घसरतो. पावसात मोटारसायकल चालवताना काचेवर पाणी. कबड्डी खेळताना तो काढून ठेवायचा आणि समोरच्याचा नुसता रंग पाहून झेप घ्यायची. तेविसाव्या वर्षी त्याने शस्त्रक्रिया करून घेतली. त्याने सांगितलेली हकीकत मला महत्त्वाची वाटते, कारण तीत जाहिरातीसारखे काही नव्हते.

आधी तपासण्या झाल्या. बुबुळाचा उंचसखलपणा दाखवणारा रंगीत नकाशा यंत्राने काढला, जाडी मोजली, औषध घालून मागचा पडदा पाहिला, नंबर वर्ष-दोन वर्षांत हलला नाही ना हे जुन्या कागदांवरून ताडले. बुबुळ पातळ असेल किंवा पुढे निमुळते होत जाण्याचा रोग असेल, तर ही शस्त्रक्रिया करीत नाहीत. अठरा वर्षांच्या आत आणि गरोदरपणातही करीत नाहीत. प्रत्यक्ष काम दोन्ही डोळ्यांचे मिळून अर्ध्या तासाच्या आत आटोपले. डोळ्यात थेंब घालून बधिरता आणली होती. दुखले नाही, पण दाब आला, क्षणभर अंधारले, आणि केस जळल्यासारखा वास आला. घरी आल्यावर चार-सहा तास डोळे चुरचुरले, पाणी वाहिले.

दुसऱ्या दिवशी मात्र त्याने लांबून येणाऱ्या एस.टी.ची पाटी वाचली, आणि गाडी जवळ येईपर्यंत तो ती पुन्हा पुन्हा वाचत राहिला. “सर, झाडाला पानं सुटी सुटी असतात, हे मी विसरलोच होतो,” असे तो म्हणाला. हा आनंद खोटा नव्हे, आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

पहिले काही दिवस वेळेवर थेंब, डोळे चोळायचे नाहीत, तोंडावर पाणी मारायचे नाही, विहिरीत पोहायला बंदी. डॉक्टरांनी सांगितले तोवर ज्योतीपाशी बसणे बंद. मोबाइलचा पडदाही बंद. तेव्हा त्याने मोबाइलची एक सोय शोधून काढली: आलेला मजकूर यंत्र मोठ्याने वाचून दाखवते. त्या दिवसांत त्याने रेडिओही पुष्कळ ऐकला, हे मी आकाशवाणीच्या खोलीत बसून मुद्दाम सांगतो. काही आठवडे रात्री दिव्यांभोवती वलये दिसत आणि डोळे कोरडे पडत. हे बहुतेकांचे हळूहळू कमी होते. काहींचे मात्र रेंगाळते.

मग तो कामावर बसला, आणि एक विचित्र गोष्ट घडली. बारीक सांधा आला की त्याचा हात आपोआप कपाळाकडे जाई, चष्मा वर सरकवायला. चष्मा तर नव्हताच. सांधा दिसत होता, पण पूर्वीसारखा डोळ्यांजवळ आणून मोठा करून पाहता येत नव्हता. दिवसभर जोर देऊन डोळे भरून येत. वडिलांनी चार दिवस पाहिले आणि म्हणाले, “आरं, लांबचं दिसतंय ह्ये झ्याक झालं. पण आपलं प्वाट हातातल्या कडीवर हाय, ती कशी दिसत्या त्ये सांग.”

“आण्णा, भिंग लागतंय,” मुलगा म्हणाला.

त्याने डोक्याला बांधायचे, दिवा जोडलेले भिंग आणले. ज्योतीच्या कामाला साध्या काचेचा संरक्षक चष्मा आणला. मोबाइलच्या कॅमेऱ्याने सांध्याचे मोठे चित्र काढून तो तपासतो, व्यापाऱ्याला तेच चित्र पाठवतो. म्हणजे एक चष्मा उतरला आणि तीन उपकरणे आली! तो हसतो, पण झाले त्याचा पश्चात्ताप करीत नाही. त्याला मोटारसायकल आणि कबड्डी हवी होती. मात्र हे सारे आधी कळले असते तर बरे झाले असते, असे तो म्हणतो. आणि आणखी एक गोष्ट पुढे आहेच. चाळिशी उलटल्यावर आतील भिंग ताठर होते, तेव्हा त्याला जवळचा चष्मा लागेल; वडिलांना तो आजही लागत नाही.

त्याची धाकटी बहीण घरी घुंगरू जोडते. तिलाही चष्मा उतरवायचा होता. तिने डॉक्टरांना आधी आपले काम सांगितले, दागिना किती अंतरावर धरते तेही दाखवले. त्यांनी तिला काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्स लावून तेच काम करून पाहायला सांगितले. घुंगरू ओवण्याला ज्योत लागत नसल्याने ते शक्य होते. शस्त्रक्रियेनंतर दिवस कसा जाईल, याची ही बिनखर्चाची नसली तरी बिनधोक्याची रंगीत तालीम. तिने ती केली आणि तूर्त चष्माच ठेवायचे ठरवले. भाऊ चुकला नाही, बहीणही चुकली नाही. दोघांचे काम निराळे, निवड निराळी.

ज्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली आहे, त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर आणि मोजमापांचे कागद जमिनीच्या उताऱ्यासारखे जपून ठेवा. उतारवयात मोतीबिंदू झाला, तर नवे भिंग किती शक्तीचे बसवायचे हे ठरवताना त्यांची मदत होते. दुसरी, लांबलेल्या डोळ्याचा मागचा पडदा ताणलेलाच असतो. चष्मा गेला तरी तो सुटण्याचा धोका जात नाही. एकाएकी डोळ्यांपुढे ठिणग्या चमकल्या, काळे ठिपके वाढले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उद्यावर ढकलू नका.

आता शिक्षकांसाठी एक गोष्ट. चष्मा उतरवण्यापेक्षा तो उशिरा लागणे केव्हाही चांगले. चीनमधील ग्वांगझू शहरात 12 प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांत मुलांना रोज 40 मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर दिला. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांत नव्याने निकटदृष्टिता झालेली मुले शंभरात सुमारे 39 ते 40 होती. उघड्यावर तास घेतलेल्या शाळांत सुमारे 30. औषध नाही, यंत्र नाही, नुसता दिवसाचा उजेड. आपल्या गावांत उजेडाला तोटा नाही आणि शाळेपुढे पटांगणही असते. खेळाचा तास गणिताला देऊ नका. फळ्यावरचे वाचताना एखादे मूल डोळे बारीक करीत असेल, तर त्याला पुढच्या बाकावर बसवून थांबू नका. घरी निरोप पाठवा आणि डोळे तपासून घ्यायला सांगा.

तरुण मित्रांनो, यंत्रे आणखी येतील, शस्त्रक्रिया आणखी सोप्या होतील. त्यांना भिऊ नका आणि भुलूही नका. डॉक्टरांपुढे बसाल तेव्हा आपला नंबर सांगण्याआधी आपला धंदा सांगा. दिवसाचे किती तास, किती अंतरावर, कसल्या उजेडात तुमची नजर राबते, ते सांगा. यंत्राला बुबुळाची जाडी मोजता येते. तुमच्या हातातल्या कडीचे अंतर तुम्हालाच सांगावे लागेल.