एक मंडळ, चार कंपन्या : वीज कर्मचाऱ्यांची नोकरी आणि वेतन



कोयनेच्या पाण्यावर वीज निर्माण होते, उच्चदाब वाहिन्या व कराडसारखी उपकेंद्रे ती वाहून नेतात आणि सातारा-सांगलीच्या गावोगावी तारमार्ग दुरुस्त करणारा तंत्रज्ञ ती शेतकऱ्याच्या पंपापर्यंत पोहोचवितो. या साखळीतील सारे कर्मचारी पूर्वी एकाच संस्थेचे सेवक होते. ती संस्था म्हणजे २० जून १९६० रोजी स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ.

केंद्राच्या विद्युत अधिनियम, २००३ अन्वये ६ जून २००५ रोजी या मंडळाची पुनर्रचना झाली. निर्मिती, पारेषण व वितरण यांसाठी तीन स्वतंत्र कंपन्या आणि त्यांवर एक सूत्रधारी कंपनी अशी रचना अस्तित्वात आली. एका रात्रीत मालक बदलला; मग नोकरीचे काय, हा प्रश्न घरोघरी विचारला जाणे स्वाभाविक होते.

याचे उत्तर अधिनियमाच्या कलम १३३ मध्ये आहे. हस्तांतरणानंतरच्या सेवाशर्ती, हस्तांतरण झालेच नसते तर ज्या लागू राहिल्या असत्या, त्यांपेक्षा कोणत्याही प्रकारे कमी लाभदायक असता कामा नयेत, असे बंधन त्यात घातले आहे. कंपन्या वेगळ्या झाल्या तरी वेतनवाढीचा निर्णय तिन्हींसाठी एकत्रच होत आला. १ एप्रिल २०२३ पासूनच्या पाच वर्षांसाठी मूळ वेतनात १९ टक्के व भत्त्यांत २५ टक्के वाढ २०२४ मध्ये जाहीर झाली, ती तिन्ही कंपन्यांसाठीच. तथापि खाजगीकरणाची शंका पुरती मिटली नाही. समांतर वितरण परवान्याच्या प्रश्नावर ४ जानेवारी २०२३ रोजी राज्यभर संप झाला. खाजगीकरण होणार नाही, असे शासनाचे आश्वासन मिळाल्यावर तो त्याच दिवशी मागे घेण्यात आला.

म्हणजे जे मंडळाच्या पटावर होते, त्यांना कायद्याचे छत्र मिळाले. खरा प्रश्न त्यांच्यामागून आलेल्यांचा आहे. खांबावर चढणारे अनेक हात आज कंत्राटदाराच्या हजेरीपत्रकावर आहेत. त्यांना कलम १३३ चे संरक्षण नाही, कारण ते कधी हस्तांतरित झालेच नाहीत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली परिसरातील उपकेंद्रे पाण्यात गेली, तेव्हा चिखलात उतरून तारा जोडताना कायम कोण आणि कंत्राटी कोण, हा भेद धोक्याने केला नव्हता. वेतनाच्या दिवशी मात्र तो होतो.

पंचायतींचाही येथे थेट संबंध येतो. तीन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी २०१६ मध्ये ग्राम विद्युत व्यवस्थापक योजना आखली गेली. त्यात निवड ग्रामपंचायतीची, काम वीजवाहिनीवरचे आणि मोबदला मानधनाचा. अशा तरुणाचे प्रशिक्षण, सुरक्षासाधने, विमा व वेळेवर मानधन यांची चौकशी ग्रामसभेत होणे अगत्याचे आहे.

पुनर्रचनेचे यश केवळ ताळेबंदावरून मोजता येणार नाही. अंधारात शिडी लावणाऱ्याला उद्याच्या भाकरीची शाश्वती आहे काय, हीच तिची खरी कसोटी होय.