नळ आठ दिवसांनी, डासही आठ दिवसांनी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाचं सोडून मी आज डासांवर का बोलतो, असं कोणी विचारेल. ज्वारी काढणीला आणि कापूस वेचणीला येतो, नेमका तेव्हाच घरोघर ताप येतो म्हणून. चिकनगुनियाचा ताप चार-सहा दिवसांत उतरतो, पण सांधे महिनोन्महिने धरून राहतात. बोंडातला कापूस ओढणारी बोटंच वळेनात, तर वेचणी कोणी करायची?

पाऊस जास्त तर डास जास्त, असा आपला समज. हिवतापापुरतं ते बरंचसं खरं. १९०८ साली पंजाबात अतोनात पाऊस झाला आणि हिवतापाची भयंकर साथ उठली. क्रिस्टोफर्स नावाच्या सरकारी डॉक्टरने १९११ साली तिचा हिशेब मांडला, त्यात पावसाच्या जोडीला धान्याचे भावही धरले. भाव चढलेले आणि पोटं रिकामी, तिथं मरण जास्त. धान्य महाग म्हणजे शेतकऱ्याची चैन, असं मात्र समजू नका. पीक बुडतं तेव्हा ते महागतं, आणि तेव्हा आपलीही कणगी रिकामीच असते.

डेंग्यू-चिकनगुनियाच्या डासाची गोष्ट निराळी. त्याला डबकं नको, घरातलं साठवलेलं स्वच्छ पाणी हवं. १९७२ च्या दुष्काळानंतर १९७३ साली चिकनगुनियाची साथ आली ती बार्शीला. पाणथळ नव्हे, ज्वारीचा मुलूख! पावसाने ओढ दिली की आपण रांजण, टाक्या, ड्रम भरून ठेवतो. पंचवीस-तीस अंशांच्या उबेत अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात; थंडीत जास्त लागतात. अंडी भांड्याच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या रेघेवर चिकटतात. सुकली तरी महिनोन्महिने जगतात, पाणी लागलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, काथ्याने घासावं लागतं.

आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं सरकार सांगतं. सल्ला बरोबर आहे. पण नळच आठ-दहा दिवसांनी येत असेल तर माय ड्रम रिकामा करून प्यायला काय देईल? साठवलेल्या पाण्याचा दोष बाईवर, आणि नळाचा दोष कोणावरच नाही!

तोवर भांड्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा दुहेरी फडका घट्ट बांधा. हा डास दिवसा चावतो, तेव्हा पाळण्यातल्या लेकराला दिवसाही मच्छरदाणी लावा. आणि गावात पाणी कोणत्या तारखेला आलं, ताप कोणत्या तारखेला कोणाच्या घरी आला, दोन्ही एकाच वहीत लिहा. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. पाण्याची मागणी आपण तारखांनिशी करू.