विजासनची टेकडी आणि हजेरीपट



जुनी नगरे पाहायला जावे ती पुस्तक वाचून, असे विद्वान सांगतात. आमची शाळा चौथीत सुटली. तेव्हा एका रविवारी आम्ही पुस्तकाऐवजी कोळसाखाणीतले एक निवृत्त मिस्त्री बरोबर घेऊन भद्रावतीला गेलो. गावाचे जुने नाव भांदक; रेल्वेच्या पाटीवर ते अजून आहे. भद्रनागाचे देऊळ, पडका किल्ला, तळ्यातला दगडी खांबांचा पूल, हे सारे पाहून उन्हे चढायच्या आत विजासनच्या टेकडीवर पोचलो.

कनिंगहॅमसाहेबांनी 1873 ते 1875 च्या दौऱ्यांत या लेण्यांची नोंद केली. 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून ज्यांनी ती वाट धरली, त्यांच्या घरची माणसे येथे फुले घेऊन येतात. एक गल्ली सरळ डोंगराच्या पोटात शिरते आणि शेवटी बसलेली बुद्धमूर्ती दिसते. तोंडाजवळ डावी-उजवीकडे काटकोनात दोन गल्ल्या.

आम्ही मूर्तीपुढे उभे होतो आणि मिस्त्री छताकडे पाहत होते. त्यांनी काठीने छत ठोकले, कान दिला. खाणीत असेच करतात. पोकळ आवाज आला की माणसे मागे घ्यायची. मग म्हणाले, "भाऊ, छत पक्कं हाये. इथं टेकू लावाची गरज नाही. पण किती पाळ्या लागल्या असतील हो? अन् माणसं किती?"

याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. दान कोणी दिले, राजा कोण, यावर विद्वान वाद घालतील. छिन्नी धरणाऱ्याचे नाव कोणत्याच वादात नाही. दूर पेरू देशात ओयांतायतांबो नावाचे इंका लोकांचे गाव आहे. त्याच जुन्या गल्ल्यांत आजही माणसे राहतात आणि वर टेकडीवर अपुरे राहिलेले देऊळ आहे. नदीपलीकडच्या खाणीतून आणताना वाटेत पडलेल्या शिळांना तिकडे 'थकलेले दगड' म्हणतात. राजाची वेठ पाळीपाळीने करीत ज्यांनी त्या ओढल्या, त्यांच्या थकण्याला मात्र नाव नाही!

तुम्ही म्हणाल, युनियनवाल्याला लेण्यातही युनियनच दिसते. दिसते खरी. एका ठेकेदाराकडचा पोरगा दरड अंगावर येऊन गेला, तेव्हा त्याचे नाव हजेरीपटावर नव्हतेच. तो कामावर होता हे सिद्ध करायला आम्हांला तीन वर्षे लागली. साक्षीला हेच मिस्त्री उभे राहिले होते. त्या दिवशी लेण्यात त्यांनी "माणसं किती" असे विचारले, तेव्हा आम्हांला तो पोरगा आठवला. त्यांनाही आठवला असावा. आम्ही विचारले नाही.

उतरताना त्यांना नवीनच शंका आली. एवढा डोंगर कोरला, तर मलबा टाकला कुठे? भर उन्हात ते पायथ्याशी काठीने माती उकरीत हिंडू लागले, मागोमाग आम्हीही. दीडची बस चुकली.