काळ्या समुद्रातली ठरवून केलेली टक्कर



मी उभी राहिले की कॉम्प्युटरवरच बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. आज मात्र एका पटावरच्या खेळाबद्दल बोलते. त्याचं नाव 'डिप्लोमसी'. अ‍ॅलन कॅलहॅमर या अमेरिकन माणसाने तो १९५४ साली रचला आणि १९५९ मध्ये स्वतःच ५०० संच काढून विकले.

पट म्हणजे १९०१चा युरोप. बाईंनी आपल्याकडून पहिल्या महायुद्धाची कारणं घोकून घेतली होती, त्याच्या जरा आधीचा! सात खेळाडू, सात सत्ता. फासे नाहीत, पत्ते नाहीत. नकाशावर ३४ ठाणी, त्यातली १८ घेतली की जिंकलात. आधी कोपऱ्यात जाऊन कुजबुज करायची, मग प्रत्येकाने आपले हुकूम कागदावर लिहायचे आणि सगळ्यांचे एकदम उघडायचे. दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, असा नियम नाही. पण सगळ्या तुकड्यांची ताकद सारखी. पाठिंबा असल्याशिवाय समोरच्याला हटवता येत नाही. सुरुवातीला तुकड्या तीनच (रशियाला चार), त्यामुळे शेजाऱ्याशी बोलल्यावाचून गत्यंतर नसतं.

आता तुर्कस्तान आणि रशिया बघा. अंकाऱ्यात तुर्कांचं आरमार, सेव्हस्तोपोलला रशियाचं, मध्ये काळा समुद्र. जो आत शिरेल तो दुसऱ्याच्या उरावर बसणार. "तू येऊ नकोस, मीही येत नाही" हा सरळ तह. पण एकाने शब्द पाळला आणि दुसरा शिरला, तर पाळणारा फसला.

म्हणून मुरलेले खेळाडू उलटं ठरवतात: पहिल्या खेळीत दोघांनीही शिरायचं! ताकद सारखी, टक्कर होते, दोघंही आपापल्या बंदरात परत. इथे शब्द मोडायचा म्हणजे न जायचं, आणि जो जाणार नाही त्याच्याच दारात दुसऱ्याचं आरमार येऊन उभं राहतं. ऑफिसात दोन टीम एकाच सर्व्हरवर हक्क सांगू लागल्या की मी हेच आधी बघते, की कबुली मोडली तर फटका कुणाला बसेल.

अर्थात ही शांतता फुकट नाही. खरा भरवसा असता, तर रशियाचं आरमार त्याच खेळीत रुमानियाकडे निघालं असतं. दोघांचीही एक खेळी पाण्यात जाते, अगदी शब्दशः.

धंद्यातली एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. २०२२ मध्ये मेटा कंपनीच्या संशोधकांचा 'सिसेरो' नावाचा प्रोग्राम माणसांशी लेखी वाटाघाटी करत या खेळाचे ४० डाव खेळला. एकाहून जास्त डाव खेळलेल्यांत तो वरच्या १० टक्क्यांत आला. बुद्धिबळात यंत्र जिंकलं त्यापेक्षा मला हे मोठं वाटतं. इथे नुसतं गणित पुरत नाही, समोरच्याला आपलं म्हणणं पटवावं लागतं.

पट मी सोबत आणलाय. जेवणानंतर सहा जण हवेत. वर्गात ज्यांच्याशी अबोला होता, त्यांनी शेजारचे देश घ्यावेत. तुर्कस्तान माझा.