माथेरानचा डोंगर आणि त्यावरील माणसे
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



"गुरुजी, यंदाच्या संमेलनात माथेरानविषयी चार शब्द सांगा," अशी चिटणीसांनी आज्ञा केली तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी जुन्या अकरावीपर्यंत, म्हणजे मॅट्रिकपर्यंत शिकलेला प्राथमिक शाळेचा मास्तर. इतिहाससंशोधन हा माझा प्रांत नव्हे आणि वक्तृत्व तर नव्हेच. परंतु ज्या शाळांतून मी ३८ वर्षे फळ्यापुढे उभा राहिलो त्या बहुतेक या डोंगराच्या पायथ्याच्या होत्या. आणि माझ्या तीर्थरूपांची निम्मी हयात धोकटी काखेला मारून हा डोंगर चढण्याउतरण्यात गेली. तेव्हा या डोंगराचे काही देणे माझ्याकडे लागते. ते आज आपल्यासमोर फेडावे, एवढ्याच हेतूने उभा आहे.

माथेरान हे रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील लहानसे गाव. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे २६०० फूट. दगड जांभा, माती तांबडी, आणि झाडी अशी दाट की वैशाखातल्या दुपारीसुद्धा पायवाटेवर सावली असावी. मोटारगाडीला येथे बंदी आहे. दस्तुरी नाक्यापाशी गाडी सोडावी आणि तेथून पुढे पायी, घोड्यावर, नाहीतर दुसऱ्या माणसाच्या बळावर जावे, असा येथील रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. २०११ च्या शिरगणतीत येथील वस्ती ४,३९३ भरली. एवढ्याशा गावाला इतिहास तो काय असणार, असे कोणासही वाटेल. परंतु गाव लहान असले म्हणजे त्यातील माणसांचे श्रम लहान ठरत नाहीत.

शाळेत आम्ही मुलांकडून पाठ करून घेत असू : माथेरानचा शोध कोणी लावला? ह्यू मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याने, सन १८५०. उत्तर बरोबर आहे आणि त्याला गुणही पूर्ण मिळत. ठाण्याचे कलेक्टर असलेले हे मॅलेटसाहेब १८५० च्या मे महिन्यात डोंगराखाली चौक गावी मुक्कामास होते. वर काय आहे ते पाहावे म्हणून ते चढून गेले, तेथील हवा व झाडी पाहून हरखले, आणि पुढे त्यांनी वर बंगला बांधला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांची मर्जी बसल्यावर तर गावाचे भाग्यच उघडले. रस्ते झाले, बंगले झाले, तलाव झाला.

एके वर्षी हा पाठ चालू असता मागल्या बाकावरून धनगराचा एक पोरगा उठून म्हणाला, "गुरुजी, साहेबाने शोध लावायच्या आधी आमचे आजे-पणजे कुठे राहत होते?" वर्ग हसला. मीही हसलो आणि त्याला खाली बसविले. आज सांगावयास संकोच वाटतो, की त्या दिवशी वर्गात खरा इतिहासाचा प्रश्न त्या एकट्यानेच विचारला होता. साहेबांना वाट दाखविण्यास पायथ्याच्या एका गावचा पाटील बरोबर होता, ही गोष्ट लिखितात आहे. ज्याला वाट ठाऊक होती तो वाटाड्या राहिला. ज्याला ठाऊक नव्हती तो शोधक ठरला.

माथेरानात हिंडताना ठिकाणांची नावे कानी पडतात : लुईझा पॉइंट, अलेक्झांडर पॉइंट, हार्ट पॉइंट, शार्लोट तलाव. यांत वाटाड्याचे, पाणक्याचे, डोलीवाल्याचे नाव कोठेही नाही. मात्र त्याच शार्लोट तलावाच्या काठी पिसरनाथाचे देऊळ आहे. तो गावचा ग्रामदेव. साहेब आले आणि गेले, पिसरनाथ आहे तेथेच आहे.

तथापि साहेबांवर सरसकट ठपका ठेवणे न्यायाचे होणार नाही. डॉ. जॉन स्मिथ नामक गृहस्थाने १८७१ साली माथेरानवर एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावातच डोंगरावरील माणसे, वनस्पती व प्राणी असे तीन विषय घातलेले आहेत आणि त्यांत माणसांना पहिला मान दिला आहे. धनगर, ठाकूर आणि कातकरी ही या डोंगराची मूळ माणसे. धनगरांनी गुरे राखली आणि दूध-लोणी वर पोचविले. ठाकूर-कातकऱ्यांनी रानातील लाकूडफाटा, मध, कंदमुळे आणली आणि ओझी वाहिली. यांच्यामागून बाजारपेठेत दुकानदार आले, मुंबईच्या पारशी व बोहरी धनिकांचे बंगले उठले, घोडेवाले आले, चपला शिवणारे आले, धोबी आले, आणि बंधूंनो, आपणही आलो.

रेल्वे होण्यापूर्वी नेरळहून वर यावयाचे म्हणजे सात मैलांचा घाट. साहेबलोक व शेठलोक तो घोड्यावरून किंवा पालखी-डोलीतून चढत. ती डोली कोणाच्या तरी खांद्यावर असे. पुढे सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळ-माथेरान आगगाडीचे मनावर घेतले. १९०४ साली काम सुरू झाले आणि १९०७ साली गाडी धावू लागली. रुळांतील अंतर अवघे दोन फूट, खर्च सोळा लाख रुपये, आणि तोही एका घराण्याने उभा केलेला. २६ जुलै २००५ च्या प्रलयात हा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला, तो दुरुस्त होऊन २००७ मध्ये शताब्दीच्या वर्षी पुन्हा सुरू झाला. त्यानंतरही तो बंद पडला आणि पुन्हा उभा राहिला. डोंगर फोडून ही वाट ज्यांनी केली त्या मजुरांची नावे मात्र कोणत्याही स्टेशनावर वाचावयास मिळत नाहीत.

आता आपल्या घरची गोष्ट सांगतो. पावसाळा सरला की वर हंगाम सुरू होई. माझे वडील दिवाळीनंतर पहाटे निघत. धोकटीत वस्तरा, कातर, नराणी, पाण्याची वाटी, चामड्याचा पट्टा आणि फडक्यात गुंडाळलेला आरसा. दिवसभर बंगल्याबंगल्यांतून दाढ्या-हजामती करावयाच्या आणि अंधार पडण्यापूर्वी उतरणीला लागावयाचे. गावात बलुत्याचे धान्य मिळे, वर रोकड मिळे; त्या रोकडीवर माझी पाटी आणि पुस्तके झाली. वर्षातून एक दिवस मात्र, कितीही गिऱ्हाईक असो, वडील धोकटी सोडीत नसत. तो दिवस २ जानेवारीचा. लहानपणी मला त्याचे कारण कळत नसे. विचारले तर एवढेच म्हणत, "आज आपला माणूस गेला."

तो माणूस म्हणजे हुतात्मा विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल. त्यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानलाच, आपल्याच ज्ञातीतील एका गरीब घरात झाला. ज्या घराण्याने दुसऱ्याच्या डोक्यावर हात चालवून पोट भरले, त्या घरातील मुलगा डोंगर उतरून शिकला, कायद्याची परीक्षा देऊन वकील झाला. तो मुंबईत बसून पैसा मिळविता तर कोणी नाव ठेवले नसते. परंतु तो परत आला. माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षपद त्यांनी भूषविले, आणि त्याहून मोठे काम केले ते डोंगराखालच्या वाड्यांतून. पावसाळ्यात घरचे धान्य संपले की गरीब शेतकरी सावकाराच्या दारी जाई आणि सवाई-दिढीच्या फेऱ्यात अडके. भाईंनी त्यासाठी धान्यकोठी काढली. हंगामात धान्य साठवावे आणि अडल्यास द्यावे. मुलांसाठी गावोगाव शाळा काढल्या.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये 'छोडो भारत'चा पुकार झाला, तेव्हा भाई भूमिगत झाले. त्यांनी आझाद दस्ता उभा केला. खोपोली-भिवपुरीकडून मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांना वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडून परकी सत्तेची नाकेबंदी करावी, असा त्यांचा बेत होता आणि त्याप्रमाणे अनेक मनोरे कोसळले. पोलिसांनी रान उठविले. अखेर मुरबाडच्या रानात सिद्धगडापाशी दस्त्याच्या तळाचा सुगावा लागला आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई व त्यांचे सहकारी हिराजी पाटील गोळ्यांना बळी पडले. भाईंना तीस वर्षे पूर्ण होऊन जेमतेम महिना झाला होता.

दरवर्षी आपल्या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर आपण भाईंचे छायाचित्र मोठ्या अभिमानाने छापतो. तो अभिमान रास्तच आहे. परंतु आज वडीलकीच्या नात्याने एक गोष्ट बोलून दाखवितो, राग मानू नये. भाई आपल्या घरात जन्मले, पण केवळ आपल्यासाठी मेले नाहीत. त्यांच्याबरोबर ज्याने प्राण ठेवला तो आपल्या ज्ञातीचा नव्हता. त्यांच्या धान्यकोठीच्या दारी जात विचारली जात असती, तर ते भाई कोतवाल झालेच नसते. त्यांना आपण केवळ आपले म्हणून चौकटीत बसविले, तर मोठे करण्याऐवजी त्यांना आपण लहानच करू.

आणि त्यांच्या त्या गावात पुढे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. स्वातंत्र्य आले, राज्ये बदलली. परंतु माथेरानात माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा चालूच राहिली. एक पुढे ओढावयास, दोघे मागून रेटावयास, आणि वर प्रवासी बसलेला. तांबड्या धुळीची चढण, पावसाळ्यात तीच निसरडी. चाळिशीत छाती भरून येऊ लागलेली माणसे मी पाहिली आहेत. आजारी व वृद्धांस दुसरे साधन नव्हते हे खरे. पण म्हणून ओढणाऱ्याचे श्रम हलके होत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर २०२२ च्या डिसेंबरात विजेवरील रिक्षा प्रायोगिक स्वरूपात आल्या, तेव्हा शाळेच्या मुलांची पायपीट काही अंशी वाचली. घोडेवाल्यांना पोटाची भीती वाटली. तीही खोटी म्हणता येणार नाही. अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, हातरिक्षा ही मानवी प्रतिष्ठेला बाधक आहे असे ठरवून, ती सहा महिन्यांत बंद करावी व ओढणाऱ्यांना विजेवरील रिक्षा मिळवून द्याव्यात असा आदेश दिला. भाईंच्या बलिदानाला तेव्हा ८२ वर्षे उलटून गेली होती.

आता ज्यासाठी येथे उभा राहिलो ते सांगतो. हे आजवर मी घरीही बोललो नाही.

हायस्कुलात नाव घालावयास गेलो तेव्हा कारकुनाने विचारले, "वडिलांचा धंदा?" मी म्हणालो, "शेती." आमची जमीन म्हणजे घरामागचा परसू. वडील शेजारीच उभे होते, धोकटी काखेत होती. त्यांनी ती मागे सारली आणि काही बोलले नाहीत. परतताना वाटेत मला त्यांनी गुडदाणी घेऊन दिली. त्या दिवसाविषयी ते पुढे कधीही बोलले नाहीत आणि मीही क्षमा मागितली नाही. आता मागावयास ते नाहीत.

पुढे मीच मास्तर झालो. पटावर नावे घालताना एका मुलाला मी तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "वडील हॉटेलात आहेत." त्याचा बाप हातरिक्षा ओढतो हे मला ठाऊक होते. पोराने मान खाली घातली होती. त्या खाली घातलेल्या मानेत मला माझाच चेहरा दिसला. मी पटावर धंद्याच्या रकान्यात 'मजुरी' लिहिले आणि त्याला म्हटले, "बाळ, माझे वडील न्हावी होते." मान एकदम वर आली. माझ्या ३८ वर्षांच्या नोकरीत मी शिकविलेला खरा धडा तो एकच, असे मला वाटते.

बंधूंनो, कष्टाची लाज धरू नये, ही एक गोष्ट. आणि ज्या कष्टात माणसाचे जनावर होते ते कष्ट चालू ठेवू नयेत, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने बोलता आल्या पाहिजेत. पहिलीचा गौरव करून दुसरीकडे डोळेझाक करणे हा दांभिकपणा होय. आणि दुसरीचा धिक्कार करताना ते काम करणाऱ्याचाच धिक्कार करणे हा त्याहून मोठा अन्याय होय.

म्हणून माझ्या दोन नम्र सूचना आहेत. पहिली, पुढील वर्षीच्या स्मरणिकेत प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील जे कोणी माथेरानच्या वा अन्य गावच्या हंगामात राबले, त्यांचे नाव, गाव आणि धंदा जसाच्या तसा लिहून द्यावा. 'व्यवसाय', 'व्यापार' अशा आडपडद्याच्या शब्दांनी झाकू नये. पॉइंटांवर त्यांची नावे लागणार नाहीत, निदान आपल्या पानावर तरी लागोत. दुसरी, आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीतून दरवर्षी किमान दोन मुलांस, मग ती कोणत्याही ज्ञातीची असोत, साहाय्य व्हावे. एक डोंगरउतारावरील वाडीतले आणि एक हातरिक्षा ओढून ज्याने संसार केला त्याच्या घरचे. निधीत भर म्हणून माझ्या निवृत्तिवेतनातील एका महिन्याची रक्कम मी आजच चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहे.

भाईंच्या कोठीत धान्य घालणाऱ्याची जात कोणी विचारली नव्हती, नेणाऱ्याचीही नाही. तीच रीत आपल्या निधीला लागू व्हावी, एवढीच प्रार्थना.



जय हिंद, जय महाराष्ट्र.