बंदराचं दार आणि गोठ्याचं दार
(जनावरांच्या आयात-निर्यातीची तपासणी करणाऱ्या सरकारी पशुवैद्यकाचे रेडिओवरील भाषण)



गुरांचा डॉक्टर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे तालुक्याचा दवाखाना येतो. अडलेली गाय मोकळी करणारा, पोट फुगलं तर औषध पाजणारा, पावसाळ्याआधी लस टोचणारा माणूस. मीही गुरांचाच डॉक्टर आहे, पण माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं दवाखान्यात गेली नाहीत. ती गेली बंदराच्या धक्क्यावर, विमानतळाच्या मालगोदामात आणि विलगवासाच्या गोठ्यांत. परदेशातून आलेलं जनावर देशात घ्यायचं की नाही, आणि इथून जाणारं जनावर निरोगी आहे असं लिहून द्यायचं की नाही, हे ठरवायचं माझं काम.

तुम्ही म्हणाल, "डॉक्टर, आमची एक बैलजोडी, एक म्हैस आणि चार शेळ्या. आमचा विमानतळाशी काय संबंध?" संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. तोच आज सांगतो.

येणाऱ्या जनावराची तपासणी

बाहेरून येणाऱ्या जनावरांबाबतचा आपला कायदा १८९८ सालचा आहे आणि तो आजही चालू आहे. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली, आणि मांस, अंडी, दुधाचे पदार्थ, वीर्य यांचीही तपासणी त्याखाली आली. या कामासाठी मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर आणि हैदराबाद इथं केंद्र सरकारची ठाणी आहेत. यात गाय-घोड्यापासून कोंबडीच्या एक दिवसाच्या पिल्लांपर्यंत सगळं येतं.

आम्ही पहिल्यांदा कागद बघतो. ज्या देशातून जनावर निघालं, तिथं कोणते रोग आहेत, कोणत्या चाचण्या झाल्या, तिथल्या सरकारी पशुवैद्यकानं काय लिहून दिलंय. मग जनावर बघायचं. ते पिंजऱ्यातून उतरताना चालतं कसं, लंगडतं का, नाकाडावर घाम आहे का, तोंडाला लाळ आहे का, खुरांच्या बेचक्यात जखम आहे का. सोबत आलेली वैरण आणि खाली अंथरलेलं गवत आत येऊ देत नाहीत, त्याचा तिथंच नाश करतात. कारण रोग जनावराच्या अंगावरूनच येतो असं नाही. तो गवताच्या काडीवरून येतो, बादलीवरून येतो, माणसाच्या बुटावरूनही येतो.

एवढं करूनही जनावर मोकळं सोडत नाहीत. गुरं, घोडे, शेळ्या-मेंढ्या साधारण तीस दिवस वेगळ्या ठेवतात. मालक कुरकुर करतात. "साहेब, जनावर तर ठणठणीत दिसतंय, मग महिनाभर खर्च कशाला?" मंडळी, ग्यानबाची मेख इथंच आहे. रोग अंगात शिरतो त्या दिवशी तो दिसत नाही. लाळ्या खुरकूत बाहेर पडायला चौदा दिवसांपर्यंत लागू शकतात. शेळ्यांच्या पीपीआरला एकवीस दिवस धरतात, लम्पीला अठ्ठावीस. म्हणजे आज ठणठणीत दिसणारं जनावर पंधरा दिवसांनी गोठाभर रोग पसरवू शकतं. म्हणून तीस दिवस.

आपल्याच गुरांची एक जुनी गोष्ट

रोग बाहेरूनच येतो आणि आपण निर्मळ, असं मात्र समजू नका. १९२० साली आपल्या देशातली वशिंडाची गुरं जहाजानं ब्राझीलला चालली होती. वाटेत ती बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरावर उतरवली. त्यांच्याबरोबर बुळकांडीही उतरली. तिथल्या गुरांना ती लागली आणि युरोपात घबराट उडाली. त्यातूनच पुढे, २५ जानेवारी १९२४ रोजी, अठ्ठावीस देशांनी पॅरिसला करार करून जनावरांच्या रोगांसाठी जागतिक संघटना उभी केली. कोणत्या देशात कोणता रोग उठला हे एकमेकांना ताबडतोब कळवायचं, लपवायचं नाही, हा तिचा पहिला नियम. आज मी ज्या दाखल्यावर सही करतो, त्याचे नियम त्या संघटनेच्या नियमांवरच बेतलेले असतात.

एका बोकडाची गोष्ट

आता जाणाऱ्या जनावरांचं सांगतो. आपल्याकडच्या शेळ्या-मेंढ्या आखाती देशांत जातात. जाण्याआधी त्यांनाही वेगळं ठेवून तपासावं लागतं. काही वर्षांपूर्वी असाच एक कळप विलगवासात होता. सहाव्या दिवशी सकाळी एक बोकड वैरणीकडे तोंड करून उभा होता, पण खात नव्हता. डोळ्यांना चिपडं, नाकाला घट्ट शेंबूड, ताप एकशे पाच. तोंड उघडून बघितलं तर हिरडीवर कोंडा चिकटावा तसे पांढरट चट्टे. मी काय ते समजलो. नमुने प्रयोगशाळेला पाठवले आणि सगळा कळप थांबवला.

व्यापारी हात जोडून आला. "डॉक्टर, एकच तर बोकड आहे. तो बाजूला काढा आणि बाकीच्यांवर सही करा. विमान ठरलंय, पैसे भरलेत." त्याचं नुकसान मला दिसत होतं. रात्री झोप लागली नाही. पण त्या कागदावर माझं नाव असलं, तरी शब्द देशाचा असतो. तो एकदा खोटा पडला, की आपल्या शेतकऱ्याच्या निरोगी बोकडालाही पलीकडे कुणी विचारत नाही. मी सही केली नाही. चार दिवसांत आणखी नऊ जनावरं पडली. प्रयोगशाळेचं उत्तर आलं, पीपीआर. म्हणजे शेळ्यांची बुळकांडी.

तो बोकड आला कुठून याचा माग काढला, तेव्हा एका आठवडी बाजारापर्यंत आणि तिथून एका वस्तीवरच्या शेतकऱ्यापर्यंत पोचलो. त्यानं काही लपवलं नाही. म्हणाला, "घरच्या दोन शेळ्या पडल्या होत्या. हा तेवढा धडधाकट दिसत होता. म्हटलं भाव येतोय तोवर काढून टाकावा." मला त्याचा राग आला नाही. पोराच्या दवाखान्याचा खर्च त्याच्या डोक्यावर होता. पण बोकड विकून त्याला तरी काय मिळालं? घरी राहिलेल्या सहा शेळ्यांपैकी चार मी जाईपर्यंत मेल्या होत्या. बोकड गेला, रोग घरातच राहिला. आणि बाजारातून तो आणखी किती घरी गेला असेल, कुणी मोजावं?

पीपीआरची लस सरकारी दवाखान्यात मिळते, आणि एकदा टोचली की किमान तीन वर्षं तरी संरक्षण देते. त्याच्या शेळ्यांना ती टोचलेली नव्हती. सगळी गोष्ट एवढीच.

रोगाला शीव नसते

तुम्हाला लम्पी आठवत असेल. हा रोग पहिल्यांदा दिसला १९२९ साली, आफ्रिकेतल्या झांबियात. तिथून देश ओलांडत ओलांडत २०१९ साली तो ओडिशात आला, आणि २०२२ साली आपल्याकडे जळगाव जिल्ह्यापासून त्यानं जोर धरला. चावऱ्या माशा, डास, गोचीड यांच्यामार्फत तो जवळपास पसरतो, पण लांबची मजल तो मारतो ती टेम्पोत बसून. म्हणूनच त्या वर्षी गुरांचे बाजार बंद करावे लागले.

तसंच नवापूरचं. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला उठला. भोपाळच्या प्रयोगशाळेनं तसं नक्की केलं आणि काही लाख कोंबड्या माराव्या लागल्या. परदेशांनी आपल्या कोंबड्या आणि अंडी घेणं थांबवलं. ज्यांच्या खुराड्यात एकही कोंबडी आजारी नव्हती, त्यांचाही भाव पडला. एका गावचा रोग, साऱ्या देशाचं नुकसान.

आणखी एक उदाहरण. आपल्याकडून म्हशीचं मांस पुष्कळ देशांत जातं. पण इथं लाळ्या खुरकूत असल्यामुळे ते हाडं आणि गाठी काढून, ठराविक वेळ थंड जागी टांगून, आंबटपणा तपासूनच पाठवावं लागतं. तरी कित्येक देश दार उघडत नाहीत. त्याचा भुर्दंड शेवटी जनावर पाळणाऱ्याच्याच भावात कापला जातो.

पण निराश व्हायचं कारण नाही. बुळकांडीनं एके काळी गावंच्या गावं बैलांवाचून ओस पाडली. जुन्या माणसांना विचारा. तीच बुळकांडी आपल्या देशात १९९५ नंतर दिसली नाही. २००६ साली आपला देश बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली सगळं जग. हे बंदरावरच्या डॉक्टरांनी एकट्यानं केलं नाही. गावोगाव लस टोचली गेली, वाड्या-वस्त्यांवर जाऊन आजारी जनावर शोधलं गेलं आणि तुमच्या वाडवडिलांनी रोग लपवला नाही, म्हणून ते झालं.

गोठ्याचं दार तुमच्या हातात

मी लहान असताना वडिलांनी पेरणीच्या तोंडावर बाजारातून एक बैल आणला. देखणा बैल. आईनं ओवाळलं, आणि तो सरळ दावणीला बांधला. आठ दिवसांत घरच्या तिन्ही जनावरांच्या तोंडातून लाळ गळू लागली, खुरं सुजली. मिरग निघून गेला आणि आमचं शेत पडून राहिलं. शेवटी उधारीच्या बैलांवर उशिरा पेरलं आणि निम्मंच पिकलं. वडिलांची चूक एकच झाली. त्यांनी नव्या बैलाला पहिल्या दिवशी गोठ्याचं दार उघडलं.

बंदरावर मी जे करतो, तेच तुम्ही घरी करा. त्याला मोठा खर्च नाही.

१. नवीन जनावर घेताना कानातला बिल्ला बघा. त्यावरच्या बारा आकडी नंबरावरून कोणत्या लसी टोचल्या ते दवाखान्यात कळतं. बिल्ला नसेल तर लसीची खात्री झाल्याशिवाय पैसे मोजू नका.

२. आणलेलं जनावर तीस दिवस वेगळं बांधा. वेगळा गोठा नसला तर मळ्यातल्या झाडाखाली बांधा, पण घरच्या जनावरांच्या तोंडाला तोंड लागू देऊ नका.

३. त्याची बादली, घमेलं, दावं वेगळं ठेवा. आधी घरच्या जनावरांचं करा, मग नव्याचं. उलट करू नका. नंतर हातपाय साबणानं धुवा.

४. रोज सकाळी दोन मिनिटं त्याच्यापुढं उभे राहा. खातं का, रवंथ करतं का, नाकाडं ओलं आहे का, अंगावर गाठी आहेत का. गाईचा ताप साधारण एकशे दीड असतो. एकशे तीनच्या वर गेला तर डॉक्टरांना बोलवा.

५. लाळ्या खुरकूत असेल तिथं दहा लिटर पाण्यात चारशे ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून गव्हाण, जमीन आणि भांडी धुवा.

६. लाळ्या खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी टोचून घ्या. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेत ती फुकट मिळते. गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना सांसर्गिक गर्भपाताची लस एकदाच द्यायची असते, ती चुकवू नका.

७. आजारी जनावर, किंवा ज्या गोठ्यात आजार आहे तिथलं धडधाकट दिसणारं जनावरही बाजारात नेऊ नका. २००९ च्या कायद्याप्रमाणे साथीच्या रोगाची खबर ग्रामपंचायतीला किंवा डॉक्टरांना देणं ही मालकाची जबाबदारी आहे. खबर देणारा गावाचा वैरी नसतो, राखणदार असतो.

मंडळी, बंदरावर आम्ही मोजकेच लोक आहोत. आमच्या हातात देशाचं एक दार आहे. बाकीची दारं तुमच्या गोठ्यांना आहेत. आमचं दार कितीही घट्ट लावलं आणि तुमचं सताड उघडं राहिलं, तर राखण कसली? पुढच्या बाजाराला जाल आणि नवं जनावर घेऊन याल, तेव्हा एवढं करा. ते थेट दावणीला बांधू नका. महिनाभर थांबा.