बाटली सोडवून वाटी हाती देणे
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



बाळाची दुधाची बाटली कशी सोडवावी, हा आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींच्या मुखांवर स्मित उमटले, ते मी पाहिले. प्राथमिक शिक्षकाचा संबंध सहा वर्षांच्या मुलाशी. दहा महिन्यांच्या बाळाचे दूध हा आईचा, आजीचा, फार तर अंगणवाडी सेविकेचा विषय, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या मावळ तालुक्यातील एखाद्या शाळेचा आषाढ महिन्याचा हजेरीपट उघडून पाहावा. तिसरी-चौथीपासून सातवीपर्यंतच्या काही मुलींच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा ओळीने दिसतात. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले असते, "आई लावणीला गेली, बाळाला धरायला घरी कोणी नव्हते." दुसरे उत्तर त्याहून वाईट असते, "बाळाला जुलाब लागलेत." या दोन उत्तरांच्या मधोमध पुष्कळदा ती बाटली उभी असते. सबब हा विषय शाळेबाहेरचा नव्हे.

लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. नाणे मावळ, पवन मावळ, आंदर मावळ या खोऱ्यांत लावणीच्या दिवसांत सूर्यदर्शन दुर्मीळ, सरपण ओले आणि ओढ्या-विहिरींचे पाणी गढूळ. अशा दिवसांत बाटली स्वच्छ राखावयाची म्हणजे काय करावे लागते, याचा हिशेब मांडून पाहा. बाटली, निपल व झाकण सुटे करावयाचे, आत ब्रश घालून मानेच्या आट्यांतील दुधाचा थर काढावयाचा, निपल उलटे करून चोळावयाचे, मग सर्व वस्तू पाण्यात बुडवून ते पाणी काही मिनिटे खळखळ उकळावयाचे, आणि हे दर पाजणीच्या वेळी, म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा. चिखलातून गुडघाभर भिजून आलेल्या बाईकडून किंवा दहा वर्षांच्या मुलीकडून हे घडेल काय? घडत नाही. बाटली नुसती विसळली जाते, उरलेल्या दुधात नवे दूध ओतले जाते, आणि दोन दिवसांत बाळास हगवण लागते. स्टीलच्या वाटीस मान नाही, आटे नाहीत, डोळ्यांस न दिसणारा कोपरा नाही. राखेने वा साबणाने घासली, उकळलेल्या पाण्याने धुतली, की ती स्वच्छ झाली आहे की नाही हे लहान मुलीलाही दिसते. वाटीचे श्रेष्ठत्व एवढ्या साध्या गोष्टीत आहे.

बाटलीचा हा दोष नवा नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात लांब रबरी नळी जोडलेली दुधाची बाटली निघाली होती. बाळाने निजल्या निजल्या नळी चोखावी व आईने आपल्या कामास लागावे, अशी तिची सोय. ती नळी आतून धुता येत नसे, दूध तिच्यात कुजे आणि अर्भके दगावत. अखेर फ्रान्सने १९१० साली कायदा करून तिच्यावर बंदी घातली. पुढे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने दुधाचे पर्याय व बाटल्या यांच्या विक्रीपद्धतीसंबंधी आंतरराष्ट्रीय संहिता मान्य केली, आणि आपल्या देशात १९९२ साली कायदा झाला. तो २००३ मध्ये अधिक कडक करण्यात आला. या कायद्याने बाटली विकण्यास मनाई नाही, हे नीट ध्यानी घ्यावे. मनाई आहे ती तिच्या जाहिरातीस, तसेच मातांना फुकट नमुने व भेटवस्तू देण्यास. माता-मेळाव्यात वा शाळेच्या भिंतीवर असा फलक कोणी लावू पाहील, तर मुख्याध्यापकांनी तो लावू देऊ नये.

येथे एक गोष्ट निक्षून सांगतो. जी माता बाटली वापरते ती निष्काळजी, असा अर्थ कोणी काढू नये. लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांवर किंवा हॉटेलांत सकाळी कामास जाणारी, तळेगावच्या कारखान्यात पाळीवर जाणारी बाई बाळास घरी ठेवते, ती हौसेने नव्हे. कोणाची आई आजारी असते, कोणाचे दूध काही कारणाने सुटलेले असते. तिला बोल लावल्यास ती पुढच्या बैठकीस येणार नाही, आणि बाटली घरात राहीलच. तिला पर्याय दाखवावयाचा आहे.

तो पर्याय आपल्या घरांत जुनाच आहे. 'आम्ही काही बोंडल्याने दूध पीत नाही' असे आपण सहज म्हणून जातो, पण ते बोंडले आजच्या किती तरुण शिक्षकांनी पाहिले असेल? लहानशा वाटीस पुढे चोच, असे ते भांडे. सधनांच्या घरी चांदीचे, इतरांकडे साध्या धातूचे. दक्षिणेत असल्याच भांड्यास 'पालडै' म्हणतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या, ओढून दूध पिण्याची ताकद नसलेल्या अर्भकांना आईचे काढलेले दूध पाजण्यासाठी रुग्णालयांतून आजही ते वापरले जाते. आजीबाईंच्या फळीवरची वस्तू वैद्यकास मान्य झाली, याचे मला मोठे कौतुक वाटते. मात्र तिचा जुना वापर जसाच्या तसा उचलू नये. बाळास पायांवर आडवे निजवून, हात धरून, बोंडल्याने दूध घशात ओतण्याची रीत धोक्याची आहे. त्याने ठसका लागतो व दूध श्वासनलिकेत जाण्याचा संभव असतो. बोंडले चांगले, ओतणे वाईट.

अलीकडे बाजारात चोचीचा, झाकणाचा प्लास्टिकचा पेला मिळतो. दुकानदार त्यास 'सिपर' म्हणतात. पुष्कळ आयांस वाटते की बाटलीनंतरची पायरी हीच. त्यातील काही पेल्यांच्या चोचीत दूध सांडू नये म्हणून एक पडदा बसविलेला असतो. अंथरूण कोरडे राहते खरे, परंतु त्या पडद्यातून दूध यावे म्हणून बाळास बाटलीप्रमाणेच चोखावे लागते. घोट घेण्याची कला त्यास येत नाही. शिवाय तो पडदा धुणे बाटली धुण्याहून सोपे नाही. घ्यावयाचाच असेल तर पडदा नसलेला, सर्व भाग सुटे होणारा घ्यावा आणि थोड्या दिवसांपुरता वापरावा. माझे मत विचाराल तर दोन कानांची छोटी वाटी किंवा लहान फुलपात्र घ्यावे आणि पैसे वाचवावेत.

आता वय. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, वरचे पाणीदेखील नको. त्यानंतर आईचे दूध चालूच ठेवून मऊ भात, वरण, शिजवून कुस्करलेली भाजी, फळ, अंडे असे वरचे अन्न. आपल्या वडगावच्या भात संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी तांदूळ शिजल्यावर इतका मऊ होतो की तो जणू बाळांसाठीच निर्माण झाला असावा! आधाराने बसू लागलेले सहा महिन्यांचे बाळ वाटीच्या काठाने दोन-चार घोट पाणी पिऊ शकते. ज्यास ही सवय तेव्हाच लागली, त्याच्या घरी बाटली येतच नाही. ज्यास बाटली लागलेली आहे त्याची ती वर्षाच्या सुमारास सोडवावी, दीड वर्षापलीकडे नेऊ नये. रात्री बाटली तोंडात ठेवून निजणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात किडतात. पहिलीत येणारी काळ्या दातांची मुले आपण पाहतोच. दिवसभर बाटलीने दूध ओढणारे मूल जेवत नाही, आणि दुधात लोह अत्यल्प असल्याने ते पांढरे पडते. काही घरांत बाटलीत गोड चहा भरतात. तो तर मुळीच नको. चहाने अन्नातील लोहही अंगी लागत नाही.

सोडविण्याची रीत सांगतो. एका दिवसात बाटली फेकून देणे हा शूरपणा नव्हे. त्याने बाळ व घर दोन्ही हैराण होतात. प्रथम दुपारची एक पाजणी निवडावी. बाळ फार भुकेले वा झोपाळलेले नसावे. त्यास मांडीवर ताठ बसवावे, वाटीत दोन चमचेच दूध घ्यावे, काठ खालच्या ओठावर अलगद टेकवावा आणि दूध ओठास लागेल इतकीच वाटी कलती करावी. दूध आत ओतू नये. बाळ जीभ पुढे करील, चाटील, मग घोट घेईल. घोटानंतर थांबावे. पहिले काही दिवस जेवढे पोटात तेवढेच अंगावर जाईल. तेव्हा गळ्यात फडके बांधावे व रागावू नये. बाळाने वाटी धरू पाहिली तर धरू द्यावी. आठवडाभरात ती पाजणी वाटीने होऊ लागली, की दुसरी घ्यावी. झोपेच्या वेळची बाटली सर्वांत शेवटी सुटते, कारण तेथे भुकेपेक्षा सोबतीची सवय असते. दूध आधी वाटीने पाजावे, तोंड पुसावे, आणि मग थोपटणे, ओवी, गोधडीचा काठ, जे त्या घरी चालत असेल ते द्यावे. बाळ आजारी असल्यास चार-आठ दिवस थांबावे. आईने सोडविलेली बाटली आजीने दुपारी हळूच परत दिली, तर मात्र सर्व प्रयत्न वाया जातो. म्हणून आजीस आधी विश्वासात घ्यावे.

कामास जाणाऱ्या मातेने आपले दूध स्वच्छ हातांनी, उकळून घेतलेल्या स्टीलच्या भांड्यात काढून झाकून ठेवावे. घरातील गार जागी ते सुमारे चार तास चांगले राहते. घरी असलेल्याने ते वाटी-चमच्याने पाजावे. जुलाब झालेच तर जलसंजीवनीचे पाणीही वाटी-चमच्यानेच थोडेथोडे द्यावे आणि बाळास आरोग्य केंद्रात न्यावे.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम आरंभिले व पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या आदिवासी वस्तीत नेले. मूल शाळेत येत नाही तर अंगणवाडी त्याच्या अंगणात न्यावी, ही त्यांची दृष्टी होती. मुलाने स्वतः पाणी ओतून घ्यावे, स्वतः प्यावे, यास मॉण्टेसरी-पद्धतीत शिक्षणाचे स्थान आहे. वर्षाच्या बाळाने दोन्ही हातांनी वाटी उचलून तोंडास लावणे हा त्याच शिक्षणाचा पहिला धडा नव्हे काय?

आपण करावयाचे ते थोडे आहे. परिसर अभ्यासाच्या तासास पाण्याची स्वच्छता शिकविताना एक बाटली व एक वाटी वर्गात ठेवावी. दोन्हींत दूध घालून, ओतून, मुलांकडूनच धुवून घ्यावी व कोणती लवकर स्वच्छ होते ते त्यांनाच सांगू द्यावे. हे काम मुलींच्या गळ्यात घालू नये. मुलांनीही बाटल्या धुवाव्यात. आणि मुलगी घरी बाळ सांभाळते म्हणून तिचे कौतुक करून थांबू नये. तिच्या पालकांस भेटून, लावणीच्या दिवसांत बाळास आजीकडे, शेजारी वा अन्य मोठ्या माणसाकडे ठेवता येईल काय, याचा विचार त्यांच्याबरोबर करावा.

माता-पालकांची बैठक ज्येष्ठातच, लावणी सुरू होण्यापूर्वी घ्यावी. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्ती यांना बोलवावे. मेजावर वाटी, चमचा, फुलपात्र आणि कोणा आजीकडे असल्यास बोंडले मांडावे, आणि पाजण्याची रीत एखाद्या अनुभवी आईकडूनच करवून दाखवावी. बैठक सकाळी ठेवू नये. शेतावर, कारखान्यात व बंगल्यांवर जाणाऱ्या बाया त्या वेळी घरी नसतात, आणि आपणांस ज्यांच्याशी बोलावयाचे आहे त्या त्याच आहेत. सायंकाळी, त्या परतल्यानंतरची वेळ ठेवावी, व बाळांस बरोबर आणण्यास आवर्जून सांगावे.